चेंबरखालचा थेंब नेमका कुठून येतो

तुमचा प्रश्न मी असा समजलो: फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप, ९० हजार किलोमीटर झालेली, कधी ओझं वाहते, कधी कच्च्या रस्त्याने जाते. गेल्या दोन महिन्यांपासून रात्रभर उभी राहिली की खाली तळहाताएवढा ऑइलचा डाग पडतो. मेकॅनिकने वाकून बघितलं, चेंबर म्हणजे ऑइल पॅन ओलं दिसलं, आणि तो म्हणाला, "प्लास्टिकचं चेंबर आहे, गळणारच. धातूचं बसवून टाका." ते बसवावं का, आणि इंजिनावर इतकं प्लास्टिक असलेली गाडी पुढे ठेवावी का, हे तुम्हाला हवंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ऑइल कुठून येतंय हा पहिला, आणि प्लास्टिक भरवशाचं आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू देऊ नका. तुमच्या वर्णनात एक वाक्य मी शोधत होतो आणि ते सापडलं नाही: "इंजिन धुतलं आणि मग पाहिलं." चेंबर ओलं आहे एवढंच आत्तापर्यंत कळलंय. चेंबर गळताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

चेंबर हा इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठेही ऑइल सुटलं तर ते ओघळत चेंबरच्या कडेवर येतं, बोल्टांच्या डोक्यांवर जमतं आणि खालच्या टोकावरून टपकतं. गाडी पळताना समोरचा वारा तेच ऑइल मागे ढकलतो, म्हणून पुढच्या टायमिंग कव्हरची गळती मागच्या क्रँक सीलची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याभोवतीच्या कड्याची, वाटते आणि टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची, गळती चेंबरची. 'चेंबर गळतंय' म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्यांत चेंबर कोरडं निघालंय. कधी ऑइल प्रेशरचा सेन्सर आट्यांतून पाझरत असतो, कधी टर्बोची ऑइल परत आणणारी नळी, कधी फिल्टरचं हाउसिंग.

एक गाडी मला कायम आठवते. तीही पिकअपच, व्ही-सहा इंजिनाची. माझ्याकडे येण्याआधी तिचं चेंबर दोनदा उतरवून सिलिकॉन, म्हणजे सांधा बंद करणारी पेस्ट, लावून झालं होतं, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात डाग परत आला होता. मालक वैतागला होता, आणि त्याचं बरोबर होतं. त्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या घळीत, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, फिल्टर आणि ऑइल कूलरचं एकत्र हाउसिंग बसवलेलं होतं. त्याच्या तळाच्या सीलमधून ऑइल सुटत होतं. आधी ती घळ भरायची, मग मागच्या बाजूने ओसंडून बेल हाउसिंगवरून, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडावरून, चेंबरच्या मागच्या कडेवर यायचं. मॅनिफोल्डखाली आरसा आणि टॉर्च घातली तर आत ऑइलचं तळं दिसलं. चेंबरचं सिलिकॉन नवीन होतं, धडधाकट होतं. दोन वेळची मजुरी फुकट गेली, कारण आधी धुऊन बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

म्हणून आधी धुणं. इंजिन थंड असताना विजेचे कनेक्टर झाकून डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, साध्या धारेने धुवा. जोराचा फवारा सीलवर आणि वायरिंगवर मारू नका. पूर्ण कोरडं करा. मग ऑइलमध्ये टाकायचा फ्लुरोसंट डाय, म्हणजे यूव्ही (अतिनील) प्रकाशात चमकणारा रंग, घाला. हा डाय ऑइलसाठीचाच घ्या, एसीच्या गॅसचा आणि कूलंटचा वेगळा असतो. इंजिन वीस मिनिटं जागेवर चालवून यूव्ही टॉर्चने वरून खालपर्यंत बघा. काही दिसलं नाही तर पन्नास-शंभर किलोमीटर, जमल्यास ओझ्यासकट, चालवून पुन्हा बघा. सगळ्यात खालचा ओला भाग काहीच सांगत नाही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा, उगम त्याच्या आसपास असतो. डाय मिळत नसेल तर कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडर फवारा. ऑइल त्या पांढऱ्या थरात आपली वाट स्पष्ट दाखवतं.

बिनखर्चाची एक खूण आणखी. बहुतेक इंजिनांत गाडी सपाट जागी उभी असताना चेंबरमधल्या ऑइलची पातळी चेंबर जिथे ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याला, जोडलं जातं त्या सांध्याच्या खाली असते. म्हणजे सांधा सुटला असेल तर ऑइल मुख्यतः इंजिन चालू असताना, उडणाऱ्या शिंतोड्यांमुळे किंवा गाडी चढावर कलल्यावर बाहेर येतं, आणि इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ टपकून थांबतं. रात्रभर एकसारखं टपकत राहिलं तर संशय पातळीच्या खालच्या जागांवर जातो: ड्रेन प्लग (ऑइल काढायचं बूच), त्याची ओ-रिंग (रबरी कडं), पातळी मोजणारा सेन्सर, नाहीतर चेंबरला गेलेली चीर. आज रात्री खाली एक पुठ्ठा ठेवा आणि तासाने एकदा, सकाळी एकदा बघा. तेवढ्यानेच शोधाची अर्धी जागा कमी होईल.

गळती किती गंभीर आहे हे गळतीच्या जागेवर ठरतं. चेंबरमध्ये ऑइल पंपाचा दाब नसतो. त्याचा सांधा पाझरायला लागला तर तो हळूहळू बिघडतो, एका दिवसात इंजिन रिकामं करत नाही. फिल्टर, कूलर, प्रेशर सेन्सर, टर्बोला ऑइल नेणारी नळी ही दाबाची बाजू. तिथली लहानशी चीर वाढली तर काही मिनिटांत लिटरभर ऑइल रस्त्यावर जाऊ शकतं. तुमचा रात्रीचा डाग दिसायला मोठा असला तरी ऑइल जमिनीवर पातळ पसरतं, त्यात एक-दोन मिलिलिटरपेक्षा जास्त क्वचितच असेल. पण गळती दाबाच्या बाजूची असेल तर ती चालत्या गाडीत होते आणि रात्रीचा डाग तुम्हाला खोटा दिलासा देतो. खरा हिशोब डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर, करा. अंदाज यावा म्हणून सांगतो: ३० थेंबांचं एक मिलिलिटर धरलं, तर मिनिटाला एक थेंब या वेगाने दिवसाला ४८ मिलिलिटर जातं आणि तीन आठवड्यांत एक लिटर. नुसता ओलावा धरून धूळ चिकटत असेल आणि थेंब पडत नसेल, तर मी अशा चेंबरला हात लावत नाही. पुढच्या ऑइल बदलापर्यंत लक्ष ठेवतो. गरम एक्झॉस्टवर ऑइल पडत असेल, किंवा चालवताना जळका वास येत असेल, तर मात्र थांबू नका, कारण तिथे आगीचा धोका आहे.

सील बदलण्याआधी मी ब्रीदर, म्हणजे पीसीव्हीची व्यवस्था, नेहमी तपासतो. पिस्टनच्या कडेने थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे चेंबरच्या वरच्या पोकळीत, येतच असतात, टर्बो इंजिनात जास्त. ते बाहेर काढणारा व्हॉल्व्ह किंवा नळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि जो सील सगळ्यात कच्चा तिथून ऑइल ढकललं जातं. अशा इंजिनात नवं चेंबर बसवलं तर ते कोरडं राहतं आणि महिन्याभरात क्रँकचा सील गळायला लागतो. एकाच वेळी दोन-तीन जागा ओल्या दिसल्या तर पहिला संशय ब्रीदरवर घ्या.

आता प्लास्टिक. इंजिनात वापरतात ते बादलीचं प्लास्टिक नसतं. ते बहुधा काचतंतू घातलेलं नायलॉन असतं, नायलॉन ६ किंवा नायलॉन ६६, आणि त्यात वजनाच्या सुमारे ३० ते ३५ टक्के काचेचे तंतू. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळतं. इंजिन ऑइल साधारण ९० ते १२० अंशांवर असतं, जड ओझ्याने लांब चढ चढताना त्याहून वर जातं. म्हणजे 'गरम होऊन वितळेल' ही भीती सोडून द्या. वजन बघा: ॲल्युमिनियमची घनता २.७, या नायलॉनची १.४ च्या आसपास. ते गंजत नाही. पत्र्याची चेंबरं, विशेषतः बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथली, बाहेरून गंजून सुईएवढ्या भोकांतून गळताना मी पाहिली आहेत. शिवाय ऑइल हिंदकळू नये म्हणून आत लागणाऱ्या पट्ट्या साच्यातच घडवता येतात. २०१५ साली फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २.७ लिटरचं जे इंजिन आलं त्यालाही प्लास्टिकचंच चेंबर होतं. ओझी ओढणाऱ्या गाडीसाठी हा विचार करून घेतलेला निर्णय असतो, आणि त्यामागे नुसती काटकसर आहे असं मला वाटत नाही.

त्रास खरा आहे, पण तो सांध्यात आहे. तापल्यावर प्रत्येक पदार्थ वेगळा फुगतो. ब्लॉक बिडाचा असला तर एका मीटरला एका अंशामागे साधारण ११ मायक्रॉन, ॲल्युमिनियमचा असला तर २३. अर्धा मीटर लांबीचं चेंबर धरा आणि ८० अंशांनी तापवा. बीड ०.४४ मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियम ०.९२. म्हणजे बिडाच्या ब्लॉकखाली धातूचं, ॲल्युमिनियमचं चेंबर असलं तरी दर वेळी इंजिन तापताना आणि थंड होताना ते जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकायला बघतं. काचतंतूंचं नायलॉन तंतूंच्या दिशेने ॲल्युमिनियमच्या आसपास वाढतं, आडव्या दिशेने त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे सगळं सरकणं मधल्या सिलिकॉनला रबरासारखं ताणून सोसावं लागतं. आणि ताण सोसायला जाडी लागते. केसासारखा पातळ थर अर्धा मिलिमीटर ताणला की फाटतो, दीड-दोन मिलिमीटरचा थर सहज सोसतो. चांगल्या चेंबरच्या कडेला म्हणूनच खाच असते, सिलिकॉन पिळून बाहेर न जाता त्यात जाड राहावं म्हणून.

हे ध्यानात आलं की 'बोल्ट अजून थोडे आवळून बघू' हा उपाय का चालत नाही ते कळतं. मीही शिकाऊ असताना तेच करायचो. धातूच्या चेंबरवर जास्त आवळलं की सिलिकॉन पिळून बाहेर येतं आणि थर पातळ होतो, पत्र्याचं असेल तर बोल्टाभोवतीची कड वाकते. प्लास्टिकच्या चेंबरमध्ये बोल्टाच्या भोकात धातूची नळी बसवलेली असते. नायलॉन सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं, तसं होऊन बोल्ट सैल पडू नये म्हणून बोल्टाचा सगळा जोर ती नळी घेते. तुम्ही कितीही आवळा, नळी ब्लॉकला टेकली की सील एक कणही जास्त दाबला जात नाही. फक्त बोल्ट ताणला जातो किंवा ब्लॉकमधले आटे जातात. हे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, साधारण १० न्यूटन-मीटर असतो. एवढा जोर मनगटाने कळत नाही, टॉर्क पाना लागतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

मग चेंबर खरंच गळत असेल तर? तसं सिद्ध झालं तर काम करावं लागेल, आणि ते कसं करतात यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळशा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढचं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, चेंबरच्या अगदी जवळ असतं, ते खाली घ्यावं लागतं किंवा इंजिन माउंटवरून थोडं उचलावं लागतं. म्हणजे वस्तूपेक्षा मजुरी जड जाते, म्हणून ते एकदाच आणि नीट व्हायला हवं. जुना सील कापताना लोखंडी पहार घालून प्लास्टिकची कड उचकटू देऊ नका. एक ओरखडा पुढच्या गळतीची वाट होतो. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढायचं. ग्राइंडरला लावायच्या घासणाऱ्या चकत्या ब्लॉकवर फिरवू देऊ नका. त्यांतली ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक कणी इंजिनात गेली तर बेअरिंग खाते, आणि गळतीच्या दुरुस्तीतून इंजिन उघडायची वेळ येते.

माझ्या अनुभवात पुन्हा गळण्याचं सगळ्यात मोठं कारण घाई हे आहे. चेंबर उतरल्यावर ब्लॉकमधून ऑइल कित्येक तास थेंबथेंब गळत राहतं. आत्ता पुसलेली कड पाच मिनिटांत पुन्हा ओली होते, आणि ओल्या कडेला सिलिकॉन धरत नाही. मी शक्यतो गाडी रात्रभर तशीच लिफ्टवर ठेवतो. सकाळी अवशेष न सोडणाऱ्या क्लीनरने दोन्ही कडा पुसतो, आणि मग निर्मात्याने सांगितलेलंच सिलिकॉन लावतो. अखंड, साधारण ३ मिलिमीटरची धार, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. ब्लॉक आणि टायमिंग कव्हर जिथे मिळतात, आणि मागे सीलचा धारक जिथे बसतो, त्या तीन वस्तूंच्या सांध्यांवर थोडं जास्त. चेंबरच्या बहुतेक खऱ्या गळत्या याच कोपऱ्यांतल्या असतात. सिलिकॉनवर साय धरायच्या आत, काही मिनिटांतच, चेंबर सरळ वर चढवायचं. दोन लांब स्टड मार्गदर्शक म्हणून लावले तर ते बाजूला सरकून धार पुसली जात नाही. बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळायचे. त्यानंतर ऑइल भरायची घाई नको, पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास द्या. आणि दुसऱ्या दिवशी 'एकदा खात्री म्हणून' बोल्ट पुन्हा आवळू नका, पक्कं झालेलं सिलिकॉन त्या हालचालीने सुटतं.

धातूचं बसवावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: फक्त गळतीसाठी बसवू नका. गळती सांध्याची असेल तर धातूचं चेंबरही त्याच सांध्यावर बसणार. त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलसाठी निर्मात्याने स्वतः धातूचं चेंबर दिलं असेल तर गोष्ट वेगळी. त्रयस्थ कंपनीचं घेणार असाल तर त्याची कड सपाट आहे का, ऑइल ओढणाऱ्या जाळीपासून तळाचं अंतर मूळ चेंबरएवढंच आहे का, आणि ऑइल तेवढंच मावतं का, नाहीतर डिपस्टिकच खोटी ठरते, हे आधी मोजा. काही इंजिनांत ॲल्युमिनियमचं चेंबर गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेलं असतं आणि तिथला भार पेलतं. तुमचं प्लास्टिकचं आहे म्हणजे तो भार त्याच्यावर टाकलेला नाही.

तुमच्या कच्च्या रस्त्याबद्दल मात्र काळजी घ्या. दगड लागला तर पत्र्याच्या चेंबरला पोचा येतो, ॲल्युमिनियमचं आणि प्लास्टिकचं तडकतं. पोचा आलेलं चेंबर सुरक्षित वाटतं, पण तळ वर आला तर जाळीचं तोंड अर्धवट बंद होऊन ऑइलचा दाब पडतो, त्यामुळे त्यातही समाधान मानू नका. चेंबर बदलण्याऐवजी खाली भक्कम स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारी पट्टी, बसवणं मला जास्त पटतं. आणि टायर बदलताना जॅक कधीही चेंबरला टेकवू नका, कुठल्याही पदार्थाचं असलं तरी.

ड्रेन प्लगही बघा. काही प्लास्टिकच्या चेंबरना प्लास्टिकचाच, पाव वळणावर बसणारा प्लग असतो. तो पान्याने आवळायचा नसतो, जागेवर बसल्याची टक्क जाणवली की झालं. त्याची ओ-रिंग कडक झाली तरी थेंब सुरू होतो. गळती गेल्या ऑइल बदलानंतर सुरू झाली असेल तर मी सगळ्यात आधी हाच प्लग आणि फिल्टरचं झाकण तपासेन. तुम्ही दोन महिने म्हणालात, त्याच्या आसपास ऑइल बदललं होतं का ते आठवा.

गाडी ठेवावी का, यावर एक गोष्ट सांगतो जी प्लास्टिकवर रागावलेल्या लोकांच्या लक्षात येत नाही. नायलॉनला ऑइलचा फारसा त्रास नसतो. त्याचा शत्रू गरम कूलंट आहे. पाणी आणि ग्लायकॉलचं गरम मिश्रण वर्षानुवर्षं नायलॉनच्या साखळ्या तोडत राहतं आणि ते ठिसूळ होतं. म्हणून थर्मोस्टॅटचं हाउसिंग, कूलंटचे प्लास्टिकचे जोड आणि रेडिएटरच्या टाक्या चेंबरच्या बऱ्याच आधी जातात. तिथे पडलेली चीर इंजिन तापवून हेड वाकवू शकते. प्लास्टिकच्या भागावर कोन-कंसात एक खूण उमटवलेली असते, 'पीए ६६' आणि 'जीएफ ३५' अशा धाटणीची. पहिली पदार्थ सांगते, दुसरी काचतंतूंचं प्रमाण. कूलंटच्या वाटेवरचे भाग शोधा, त्यांच्या जोडांभोवती कूलंट सुकून पांढरट किंवा रंगीत पापुद्रा जमलाय का बघा. ९० हजार किलोमीटरला मी त्यांच्याकडे चेंबरपेक्षा जास्त लक्ष देईन, आणि कूलंट वेळेवर बदलत राहीन. एवढी काळजी घेतली तर ही गाडी विकण्याचं कारण मला तुमच्या वर्णनात दिसत नाही.

तर आत्ता: पुठ्ठ्याची परीक्षा आज रात्री, प्लग आणि फिल्टरचं झाकण उद्या, ब्रीदरची नळी त्यासोबतच. मग धुणं आणि डाय. तोपर्यंत दर ५०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि आकडा लिहून ठेवा. पातळी खालच्या खुणेकडे भराभर सरकली किंवा ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला, तर गाडी तिथेच बंद करून ओढून न्या. डायचा फोटो निघाला की त्यात सगळ्यात वरची चमकणारी जागा कुठे आहे ते कळवा, चेंबर उतरवायचं की नाही ते त्यावरून सांगता येईल.